आठवड्यातून किती दिवस पळावं?



आपल्या शाळेत क्रॉस कंट्रीच्या तयारीबाबत दोन पंथ होते, हे आपल्या बॅचमधल्या सगळ्यांना आठवत असेल. रोज पहाटे पळाल्याशिवाय दम येत नाही, असं एक पंथ म्हणायचा. तालुक्याच्या स्पर्धेचं पत्र आल्यावर पंधरा दिवस पळलं तरी पुरे, असं दुसऱ्याचं म्हणणं. अंतर तर तीन-चार किलोमीटरचंच! क्रीडाशिक्षक सर पहिल्या पंथाचे आणि आपण बहुतेक सगळे दुसऱ्या. तो वाद काही तेव्हा मिटला नाही. पुढे नोकरीच्या काळात मला धावण्याचा इतिहास वाचायचा नाद लागला आणि कळलं, की हाच वाद जगात शंभर वर्षं चालू आहे.

सुरुवात आपल्याच मुलखातून करू. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. तिथल्या स्पर्धेत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना त्यांनी पाहिली. त्या पोरांची चिकाटी पाहून हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठवायचा विचार पक्का झाला. १९२० साली अँटवर्पला गेलेल्या त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. त्या काळच्या आपल्या पोरांना सरावाचं वेळापत्रक कोण देणार? शेतातलं राबणं आणि बाजाराला पायी जाणं, हाच त्यांचा रोजचा सराव. पायात ताकद आधीपासून होती, पळणं त्यावर चढलं.

त्या काळी क्रॉस कंट्रीसुद्धा ऑलिंपिकमध्ये होती. १९२४ साली पॅरिसच्या कडक उन्हात ३८ जण धावले आणि फक्त १५ जणांनी शर्यत पुरी केली. पहिला आला तो फिनलंडचा पावो नुर्मी. बाकीच्यांचे हाल इतके झाले, की पुढच्या ऑलिंपिकपासून ही शर्यतच काढून टाकली. तेव्हा आपले सर नऊच्या आत सराव संपवायचे, ते उगाच नाही.

मग दोन्ही पंथांचे मोठे पुढारी आले. इंग्लंडचा रॉजर बॅनिस्टर वैद्यकीचा विद्यार्थी होता. दुपारच्या सुट्टीत मिळेल तेवढ्या वेळात तो पळायचा, पण जे पळायचा ते वेगानं. मोठ्या शर्यतीआधी तर त्यानं काही दिवस पूर्ण विश्रांती घेतली आणि ६ मे १९५४ रोजी चार मिनिटांच्या आत एक मैल पळणारा तो पहिला माणूस ठरला. याच्या अगदी उलट न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड. ते आपल्या पोरांना आठवड्याला शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर, पळवायचे. आठशे मीटरवाल्यालाही यातून सूट नाही! १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेल आणि मरे हालबर्ग यांनी, एकाच दिवशी सुवर्णपदकं मिळवली.

मग खरं कोणाचं? मला वाटतं, याचं उत्तर अमेरिकेच्या ओरेगॉन विद्यापीठातले प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी दिलं. एक दिवस जोराचा आणि दुसरा दिवस सैल, हा त्यांचा नियम. शरीर पळताना थकतं आणि विश्रांतीत घडतं. लिडियार्ड यांची पोरंसुद्धा रोज जीव तोडून पळत नव्हती. त्यांचे बहुतेक मैल बेताच्या गतीचे असत. म्हणजे दिवस किती, यापेक्षा त्यातले जोराचे दिवस किती, हा खरा प्रश्न आहे.

आता छोट्या अंतराचं. जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत १९९८ ते २००६ या काळात चार किलोमीटरची वेगळी शर्यत असायची, जवळजवळ आपल्या शाळेच्या अंतराएवढी. इथिओपियाच्या केनेनिसा बेकेलेनं २००२ पासून सलग पाच वर्षं ही छोटी शर्यतही जिंकली आणि त्याच स्पर्धेतली बारा किलोमीटरची मोठी शर्यतही. छोट्या शर्यतीलाही लांब पल्ल्याचा दम लागतो, आणि तो पंधरा दिवसांत येत नाही. इथं आपला पंथ हरला, सर जिंकले!

आपल्याकडचं ताजं उदाहरण म्हणजे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. तो बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. तिथं २०१५ पासून क्रॉस कंट्री पळू लागला, मग स्टीपलचेसकडे वळला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आला. आधी भरती झाली, मग काही वर्षं दम साठला आणि नंतर पदक आलं.

हे सगळं आज लिहायचं कारण आपल्या गावातलंच आहे. पहाटे वडगाव रस्त्याला किंवा आळत्याच्या बाजूला गेलात, तर सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं दिसतात. त्यांची धाव सोळाशे मीटरची. बरीच पोरं रोज तेच अंतर जीव तोडून घड्याळावर पळतात, तेही डांबरावर. महिना-दीड महिन्यात नडगी दुखायला लागते. दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडाला घट्ट व्हायला महिने लागतात. दुखणं दाबून पळत राहिलं, तर हाडाला बारीक चीर जाते आणि भरतीचा दिवस घरात बसून काढावा लागतो. कोरडवाहू शेती असलेल्या घराची एक नोकरी अशी हातची जाते.

म्हणून मेळाव्यात माझा एक प्रस्ताव आहे. शाळेच्या संघाला आणि भरतीच्या पोरांना आपण बूट देणारच आहोत, तर सोबत एक साधा तक्ताही छापून देऊ. लहान गटाला आठवड्यातून तीन दिवस, मोठ्यांना चार. सवय मुरल्यावर पाच, त्याहून जास्त नको. त्यातले जोराचे दिवस दोनच, आणि ते लागोपाठ नकोत: एक रामलिंगाच्या चढाचा, एक मैदानावर चारशे मीटरच्या पाच-सहा फेऱ्यांचा, प्रत्येक फेरीनंतर चालत दम घेऊन. बाकीच्या दिवशी शेजारच्याशी बोलता येईल इतक्या सैल गतीनं अर्धा तास, शक्यतो मातीच्या वाटेनं. तयारी स्पर्धेच्या निदान आठ आठवडे आधी सुरू करायची आणि शेवटच्या आठवड्यात निम्म्यावर आणायची. नडगी दुखली, की पळणं बंद आणि डॉक्टरांना दाखवायचं.

आपल्यातले जे पोलिसात आणि सैन्यात होते, त्यांनी हा तक्ता मेळाव्याआधी एकदा तपासून द्यावा. आणि सरांना विनंती, की चुकलं असेल तिथं नेहमीसारखी लाल शाई वापरावी.