तंबूतले भूत आणि प्रेक्षकांचे हसू



भोर तालुक्यातल्या एका जत्रेत, तंबूच्या सिनेमात, मी 'पुराना मंदिर' पाहिला. चित्रपट १९८४ सालचा. आमच्या तंबूत पोचेपर्यंत दोनतीन वर्षे उलटून गेली होती आणि फीत चांगलीच घासली होती. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, मध्ये दोरी. सामरी नावाचा राक्षस पहिल्यांदा दिसला तेव्हा तंबू चिडीचूप झाला. पोरे आयांच्या पदराआड गेली. दुसऱ्यांदा दिसला तेव्हा ती पदराआडून डोकावू लागली. आणि पुढे एकदा, बाई पळता पळता पडली, तेव्हा माझ्या शेजारचे आजोबा मोठ्याने म्हणाले, "अगं बाये, त्यो एवढा हळू चालतोय, तू पडतीस कशाला?" अख्खा तंबू खो खो हसला.

चित्रपट करणाऱ्यांनी हे हसू मागितले नव्हते बरे का! हसवण्यासाठी त्यांनी जगदीप यांना 'शोले'तल्या गब्बरची नक्कल करायला वेगळे नेमले होते. ती नक्कल चालू होती तेव्हा आमचा तंबू तंबाखू मळत होता.

तेव्हापासून मला प्रश्न पडला, की भ्यायला आलेली माणसे हसतात कशी? चित्रपट स्वस्तातला म्हणून, असे शहरी माणसे पटकन सांगून टाकतात. मला ते अर्धेच खरे वाटते.

सिनेमातल्या चालत्या प्रेताची कल्पना आपल्याकडची नव्हे. ती आली हैतीतून. तिथे फ्रेंचांचे उसाचे मळे होते आणि आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम त्यांत मरेपर्यंत राबत. मरण हीच काय ती सुटका. पण एखाद्या मांत्रिकाने प्रेत उठवून पुन्हा कामाला जुंपले तर? त्या धास्तीचे नाव झोंबी. १९३२ साली अमेरिकेत 'व्हाइट झोंबी' नावाचा चित्रपट निघाला. त्यात साखरेच्या गिरणीत मेलेली माणसे मुकाट्याने चरक ओढताना दाखवली आहेत. आपल्या ऊसपट्ट्यातल्या श्रोत्यांनी ते दृश्य पाहिले तर ते हसणार नाहीत, असे मला वाटते.

आता आपली भुते पाहा. मुंजा, हडळ, खवीस, समंध. लिंगायत, गोसावी असे काही समाज सोडले, तर आपल्याकडे हिंदू घरांत देह बहुधा जाळतात. मग भूत देहावाचूनच हिंडते. पिंपळावर बसते, अंगात येते, रात्री मागून हाक मारते. त्याला रंगभूषा लागत नाही, कपडेपट लागत नाही. सांगणाऱ्याचा आवाज आणि कंदिलाची वात, एवढ्यावर काम भागते. झोंबीला मात्र देह हवा. आणि देह म्हटला की खर्च आला!

तो खर्च आपल्याकडे प्रथम अंगावर घेतला रामसे बंधूंनी. त्यांचे वडील फतेहचंद रामसिंघानी यांचे कराचीला रेडिओचे दुकान होते. गोऱ्या गिऱ्हाइकांना ते नाव उच्चारता येईना, म्हणून त्याचे 'रामसे' झाले. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आले आणि वडील चित्रपटाच्या धंद्यात पडले. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आला आणि आपटला. त्यात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा आणि जाडजूड पोशाख चढवून चोरी करायला जातात, आणि पोलिसांच्या गोळ्या त्यांना लागत नाहीत. तुलसी आणि श्याम या मुलांनी थिएटरात बसून पाहिले, की लोक तेवढ्या प्रसंगाला रंगतात. त्यांनी वडिलांना सांगितले, की आपण सगळा चित्रपट असाच करू. म्हणजे या धंद्याचा जन्मच मुळी मुखवट्यातून झाला.

पुढचा चित्रपट १९७२ सालचा 'दो गज ज़मीन के नीचे'. सगळे बिऱ्हाड मुंबईहून महाबळेश्वरला गेले. साधारण चाळीस दिवस आणि साडेतीन लाख रुपये, एवढ्यात काम उरकले. भाऊ सात. कुमार लिहिणार, गंगू कॅमेरा धरणार, किरण ध्वनी पाहणार, अर्जुन संकलन करणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार. घरची बायकामाणसेही हाताशी. एखाद्या शेतकरी कुटुंबाची सुगीच म्हणा ना! पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था होती. पण हे भाऊ शिकले ते जोसेफ मॅसेली यांच्या छायाचित्रणावरच्या एका इंग्रजी पुस्तकावरून.

मग हसू येते कुठे? एक तर मुखवट्यात. रबराच्या तोंडाला ओठ हलवता येत नाहीत, पापणी लवत नाही. अंधारात, क्षणभर, ते भयंकर दिसते. उजेडात दोन मिनिटे दिसले, की प्रेक्षक त्याची शिवण शोधू लागतो. दुसरे रात्रीत. रात्री चित्रण करायचे तर दिवे हवेत, वीज हवी. ती वाचवायला दुपारीच कॅमेऱ्यापुढे निळी काच धरतात आणि रात्र झाली म्हणतात. पण झाडाची सावली जमिनीवर ठसठशीत पडलेली असते. शेतकऱ्याला सावलीवरून वेळ कळते. त्याला कोण फसवणार? तिसरे आमच्या आजोबांनी सांगितलेच. प्रेत हळू चालते, म्हणून ते पोचावे यासाठी जिवंत माणसाला वेडे करावे लागते. त्याने पडावे, किल्ली विसरावी, एकट्याने तळघरात उतरावे. ही खोट पैशाची नव्हे, लेखणीची आहे.

तेवढ्याच गरिबीत अमेरिकेतल्या जॉर्ज रोमेरो यांनी १९६८ साली 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केला. खर्च सुमारे एक लाख चौदा हजार डॉलर, त्या वेळच्या दराने साडेआठ लाख रुपये. हॉलिवुडच्या मानाने किरकोळच. रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला, कारण चित्रपट कृष्णधवल होता. पण रोमेरोंनी मेलेल्यांना राक्षसाचे तोंड दिले नाही. शेजारीपाजारी, शर्टपँट घातलेली साधी माणसे मळ्यातल्या घराकडे चालत येतात. शिवण नाहीच, तर शोधणार काय? उलट एड वुड यांच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'मध्ये मुख्य आकर्षण असलेले बेला लुगोसी १९५६ साली वारले. तेव्हा वुड यांनी बायकोच्या हाडवैद्याला उभे केले. चेहरा जुळेना, म्हणून तो सगळा चित्रपटभर तोंडापुढे झगा धरून फिरतो. जवळ नाही ते दाखवायला गेले, की असे होते.

रामसेंना रोमेरोंची वाट धरता आली असती का? मला शंका आहे. भिंतीवरच्या कागदावर राक्षस रंगवलेला. लोकांनी तिकीट त्याच्यासाठी काढलेले. त्याला अंधारात ठेवला तर तंबूवाल्याला पैसे परत द्यावे लागते. म्हणून तो उजेडात यायचा, आणि लोक हसायचे. पण हसून घरी जात नसत, ही गोष्ट शहरातल्या समीक्षकांच्या ध्यानात आली नाही. 'पुराना मंदिर' अफाट चालला. कोकणात शिमग्याला संकासुर येतो. काळा झगा, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी. त्याच्या मागे पोरे हसत धावतात आणि तो वळला की किंचाळत पळतात. त्याचे कापड घरचे आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते.

सामरी झालेल्या नटाचे मात्र सांगायला हवे. पडद्यावर नाव अजय अग्रवाल, मूळचे अनिरुद्ध, शिक्षणाने स्थापत्य अभियंता. उंची अवाढव्य, चेहरा लांबट आणि हाडांचा. त्यांना फारसे रबर चढवावे लागले नाही. आमचा तंबू त्या पडणाऱ्या बाईला हसला, त्यांना हसला नाही.

पुढे २०२२ साली मराठीत 'झोंबिवली' आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. त्यांचे घराणे पुण्यात मूकपटांपासून या धंद्यात आहे. इथे डोंबिवलीत प्रेते हिंडतात, आणि हसू पहिल्यापासूनच संहितेत लिहिलेले आहे. रंगभूषाही झकास. मी तो पुण्यातल्या थिएटरात, मऊ खुर्चीवर बसून पाहिला. माणसे ठरल्या जागी हसत होती. मधूनच मी उगाच शेजारी पाहिले, कुणी आजोबा काही बोलतात का.