शेंकडा सत्त्याण्णव!



आमच्या शाळेंत एक मोठा मिस्किल विद्यार्थी होता. रोज सकाळीं प्रार्थनेपूर्वीं तो गंभीर चेहऱ्यानें भविष्य वर्तवीत असे, "आज तपासणीला साहेब येणार नाहींत." वर्षांत शाळा भरे सुमारें २२० दिवस आणि साहेब येत एकदांच. म्हणजे २१९ वेळां त्याचें भाकित खरें ठरे. शेंकडेवारी काढली तर साडेनव्याण्णवांहून अधिक! परंतु ज्या एका दिवशीं सावध राहावयास हवें होतें, नेमक्या त्याच दिवशीं आम्ही सारे शिक्षक गाफील सांपडलों. निवृत्तीनंतर हवामानाच्या अंदाजांचा इतिहास वाचूं लागलों, तेव्हां हा विद्यार्थी मला पुन्हां भेटला. तो १८८४ सालच्या अमेरिकेंत.

त्या काळीं अमेरिकेंत हवामानाचें काम लष्कराच्या सिग्नल खात्याकडे असे. तेथील जॉन पार्क फिन्ले यानें टॉर्नेडो या वादळाचा ध्यास घेतला होता. टॉर्नेडो म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत पोंचलेला, गरगर फिरणारा वाऱ्याचा स्तंभ. आपल्याकडील वावटळ त्यापुढें अगदींच पोरसवदा. थोडक्या मिनिटांत गांवाचा एक पट्टा उध्वस्त करून तो नाहींसा होतो. अशा वादळाची आगाऊ सूचना देतां येईल काय? फिन्लेनें रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील प्रदेशाचे १८ विभाग कल्पिले आणि १८८४ च्या वसंतऋतूंत प्रत्येक विभागासाठीं "टॉर्नेडो होईल" किंवा "होणार नाहीं" असे अंदाज बांधून ठेवण्याचा प्रयोग केला. एकंदर अंदाज २,८०३ झाले. पैकीं २,७०८ बरोबर आले. शेंकडा ९६.६, म्हणजे जवळजवळ सत्त्याण्णव! त्याच वर्षीं त्यानें हा निकाल प्रसिद्ध केला.

हा निकाल ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट याच्या नजरेस पडला. (आपल्या मान्सूनच्या अभ्यासांतील सर गिल्बर्ट वॉकर ते निराळे; ते १९०४ मध्यें येथील वेधशाळांचे प्रमुख झाले.) हा गिल्बर्ट हवामानशास्त्रज्ञ नव्हे, भूगर्भशास्त्रज्ञ, खडक फोडून आंत पाहण्याची संवय असलेला माणूस. त्यानें ते शेंकडा सत्त्याण्णवहि फोडून पाहिले. आपणहि पेन्सिल घेऊन कागदावर चार घरें आंखा. "टॉर्नेडो होईल" असें सांगितलें आणि तो झाला, अशा वेळा २८. होईल म्हटलें, पण झाला नाहीं, अशा ७२. होणार नाहीं म्हटलें आणि झाला, अशा २३. होणार नाहीं म्हटलें आणि खरोखरच झाला नाहीं, अशा २,६८०. फिन्लेच्या यशाचा जवळजवळ सारा डोलारा या चौथ्या घरावर उभा होता. गिल्बर्टनें दाखवून दिलें कीं, डोळे मिटून सदासर्वदा "होणार नाहीं" एवढेंच म्हटलें असतें, तर शेंकडा ९८.२ गुण पडले असते. आमचा तो विद्यार्थी फिन्लेच्याहि वर बसला असता!

तेव्हां फिन्लेचें काम फोल होतें काय? मुळींच नाहीं, आणि या प्रकरणाची खरी गंमत येथेंच आहे. टॉर्नेडो झाले असे प्रसंग ५१. त्यांपैकीं २८ वेळां त्यानें आधीं सांगितलें होतें. त्याच्या शंभर सूचना कोणी आंधळेपणानें कोठेंहि वांटल्या असत्या, तर जेमतेम दोन बरोबर लागल्या असत्या. त्याच्या २८ लागल्या! माणसाच्या अंगीं कसब निश्चित होतें; परंतु चुकीची फुटपट्टी हातीं घेतल्यामुळें तें त्याला स्वतःलाच मोजतां आलें नाहीं.

गिल्बर्टनें चौथें घर बाजूस ठेवून, शिवाय योगायोगानें मिळालेले गुण वजा करून हिशेब केला. फिन्लेस शेंकडा सुमारें २२ मिळाले. त्याच वर्षीं चार्ल्स पर्स या तत्त्वज्ञानें निराळी रीत सुचविली. खऱ्या टॉर्नेडोंपैकीं किती पकडले हें प्रमाण घ्यावें आणि शांत वेळांपैकीं किती वेळां उगाच ओरड झाली तें प्रमाण त्यांतून वजा करावें. या रीतीनें गुण पडतात ५२. उत्तरपत्रिका एकच, गुण ९७, २२ आणि ५२! परीक्षकाच्या खुर्चींत आयुष्य घालविलेल्या मला हें वाचून आश्चर्यापेक्षां ओळखच अधिक पटली. माझा कल पर्सकडे आहे. कारण ज्याच्या घरावर वादळ येणार, त्याला पकडलेल्या वादळांचीच किंमत अधिक.

पुढें काय झालें? त्याच दशकांत सरकारी अंदाजांत "टॉर्नेडो" हा शब्द वापरण्यास मनाई झाली. लोक घाबरतील, ही भीति. ती मनाई १९३८ पर्यंत टिकली. ओक्लाहोमांतील टिंकर विमानतळावर २५ मार्च १९४८ रोजीं फॉबुश व मिलर या दोघां लष्करी अधिकाऱ्यांनीं दिलेली सूचना खरी ठरली, तेव्हां कुठें या विद्येस पुन्हां प्रतिष्ठा आली. मधल्या काळांत "होणार नाहीं" म्हणण्याचीहि तसदी कोणास पडली नाहीं.

हें सर्व आज आठवण्याचें कारण माझी पुतणी. हवामानाचे अंदाज पडताळण्याच्या एका अभ्यासवर्गांत ती सध्यां शिकत आहे. कोलोरॅडोंतील बोल्डर येथें तयार झालेलें "मेट" नांवाचें सॉफ्टवेअर त्यांत वापरतात. तें विनामूल्य मिळतें आणि त्याची मूळ आज्ञावली कोणालाहि उघडून वाचतां येते. गुण देणारा परीक्षक आपली रीत झांकून ठेवीत नाहीं, हें मला फार आवडलें. त्यांतहि तींच चार घरें आहेत. गिल्बर्टचा गुणांक त्याच्या नांवानेंच आहे. पर्सची रीत मात्र १९६५ मध्यें ती पुन्हां मांडणाऱ्या हान्सेन व कायपर्स यांच्या नांवानें नोंदली आहे. बिचारा पर्स!

मी उत्साहानें तिला म्हटलें, "आपल्या गांवच्या पावसाचे अंदाज मी दोन महिने वहींत टिपून ठेवले आहेत, तेवढे पडताळून दे." तिनें वही चाळली आणि विचारलें, "काका, पाऊस आला असें तुम्हीं लिहिलें आहे. पण पाऊस म्हणजे किती? वेधशाळा २.५ मिलिमीटर किंवा अधिक पडला तरच पावसाचा दिवस धरते." माझ्या वहींत अंगण ओलें झाल्याचीहि नोंद पाऊस म्हणूनच होती. पर्जन्यमापक आणला आहे. पहिलें पान कोरें सोडून नवी वही सुरू केली आहे.