एका ‘लाईक’ची गोष्ट

या शनिवारी पांढरकवड्याला घरी आलो. जेवताना बाबांनी विचारलं, "फेसबुकवर कुणी तक्रार केली तर पोस्ट काढायची की नाही, हे ठरवतं कोण रे?" प्रश्न सोपा, पण उत्तर पालघरवरून जातं.

१८ नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरेंची अंत्ययात्रा, मुंबई बंद. पालघरच्या एका मुलीनं बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, मैत्रिणीनं ‘लाईक’ केलं. दोघींना अटक! लावलेल्या कलमांत आयटी कायद्याचं ६६-अ होतं. ‘त्रासदायक’ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्याच त्यात नव्हती. श्रेया सिंघल ही तरुणी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला ते कलम रद्द झालं. शिवाय कोर्ट म्हणालं, नुसत्या कुणाच्याही तक्रारीवरून मजकूर काढायची सक्ती नाही, कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश हवा.

पण ६९-अ मात्र टिकलं. त्याखालच्या २००९ च्या नियमांत ब्लॉक करण्याच्या तक्रारी आणि कारवाई गोपनीय ठेवायची तरतूद आहे. युरोपचा डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू झाला. त्यात पोस्ट काढली तर लिहिणाऱ्याला कारण सांगायचं, दाद मागायची सोय द्यायची, आणि मोठ्या कंपन्यांनी ती कारणं सार्वजनिक डेटाबेसमध्येही टाकायची.

आमच्या धंद्यात लॉगच बघायला मिळाला नाही तर बग शोधणार कसा? बाबांना हेच सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे निकाल कळतो, कारण नाही."

असो. भाकरी गार होत होती...