वाटेत बदलणारे पान

दाभोसा येथील धबधब्याविषयीचे एखादे मराठी पान आपण मोबाईलवर उघडतो. सर्व्हरवर जसे ठेवले होते तसेच ते आपल्यापर्यंत आले, असे आपण धरून चालतो. बहुधा तसे नसते.

1991 मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत सुरू केलेली पद्धत फार साधी होती. ब्राउझरने एका ओळीत पान मागायचे, सर्व्हरने ते पाठवायचे. पान कोणत्या लिपीत आहे हे सांगायला जागाच नव्हती. मे 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी 1.0 मध्ये विनंती आणि उत्तर या दोहोंच्या माथ्यावर माहितीच्या ओळी आल्या. पाकिटावर 'आत काय आहे' ते लिहिलेले असले, की वाटेतल्यालाही त्याचे काही करता येते.

मराठीला याची गरज होतीच. 'दाभोसा' हा शब्द घ्या. द, काना, भ, ओकार, स, काना अशी सहा चिन्हे. 1991 च्या भारतीय प्रमाणकात, म्हणजे इस्कीमध्ये, त्यांना 6 बाइट लागत. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत 18 लागतात. मात्र देवनागरी अक्षराच्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी 224 आणि दुसरा 164 किंवा 165 असतो. (विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावाचे नाव मोजून घ्यावे.) इतकी पुनरुक्ती असली की मजकूर चांगला दाबता येतो. 2002 मध्ये आलेल्या अपाचे 2.0 या सर्व्हरमध्ये अशा कामांसाठी गाळण्यांची साखळीच होती: एकीतून निघालेला मजकूर पुढचीत जाई आणि शेवटची गाळणी तो दाबून पाठवी. गाळणी हा शब्द तितकासा नेमका नाही. चहाची गाळणी फक्त अडवते. ही भरही घालते.

ऑपेरा मिनीने याहून धीट काम केले. जानेवारी 2006 पासून जगभर मिळू लागलेला हा ब्राउझर पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर मागवी, ते आटवी आणि मग फोनकडे धाडी. पुढे त्यात एक सोय आली. फोनमध्ये देवनागरी नसली तर सर्व्हर अक्षरांची चित्रे काढून पाठवी. ज्या साध्या फोनवर मराठीऐवजी नुसते चौकोन उमटत, त्यांवर मराठी वाचता येऊ लागली. हा उपकार मला लहान वाटत नाही.

पण ज्याला पान आटवता येते, त्याला ते वाचताही येते आणि बदलताही. ऑपेरा मिनीत एचटीटीपीएसचे कुलूपसुद्धा त्या मधल्या सर्व्हरवरच उघडे. हा धोका आधीच लक्षात आला होता. वाटेतले संगणक जागा वाचवण्यासाठी चित्रांचे रूप बदलत. वैद्यकीय प्रतिमांच्या आणि वैज्ञानिक मोजमापांच्या कामात त्याने गंभीर घोटाळे झाले. म्हणून जानेवारी 1997 च्या एचटीटीपी 1.1 मध्ये माथ्यावर लिहायचा एक आदेश दिला गेला: 'नो-ट्रान्सफॉर्म', म्हणजे रूप बदलू नका. आदेश आजही आहे. तो पाळायचा मात्र त्या मधल्या संगणकानेच.