डॉक्टरकीचा दरवाजा आणि गुणांचं गणित

 

दर उन्हाळ्यात आमच्या बैठकांमध्ये हप्ता, व्याज आणि कर्जासोबत एक विषय हमखास निघतो. कुणाच्या तरी मुलीने नीट दिलेली असते आणि गुण थोडे कमी पडलेले असतात. मग घरात विचार सुरू होतो, तिला अजून एक वर्ष द्यायचं की स्थळं बघायची? मुलगा असला तर त्याला वर्ष मिळतं, त्यावर फार चर्चा होत नाही. म्हणून आज आम्ही या गुणांच्या दरवाज्याचा इतिहास सांगणार आहोत.

आनंदीबाई जोशी १८८३ साली बोटीने अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून होतं. पण त्या काळी मुलीला किती गुण मिळाले हे कुणी विचारत नव्हतं. बाईमाणसाने शिकावं की नाही, इथेच गाडी अडायची.

पुढे कॉलेजं वाढली. पुण्याचं बी. जे. मेडिकल १९४६ साली, नागपूरचं १९४७ साली आणि तेव्हाच्या औरंगाबादचं १९५६ साली सुरू झालं. आपल्या खानदेशाला मात्र बरीच वाट बघावी लागली. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं ते १९८०च्या दशकाच्या शेवटी, आणि जळगावला २०१८ साली. आज पारोळ्याच्या मुलीला एका बाजूला धुळे आणि दुसऱ्या बाजूला जळगाव आहे. तिच्या आजीच्या वेळी यातलं एकही नव्हतं.

कॉलेजात शिरायची रीतही बदलत गेली. आधी बारावीच्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राच्या गुणांवर प्रवेश व्हायचा. त्या काळात लातूरचं नाव झालं. लातूर पॅटर्न म्हणजे काही जादू नव्हती. धडा संपला की चाचणी, चाचणी झाली की चुकांची उजळणी, आणि मग पुन्हा चाचणी. मोठ्या शहरापासून लांब असलेल्या गावांतली मुलं त्या सरावावर गुणवत्ता यादीत आली.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस राज्याची सीईटी आली. २०१३ साली सगळ्या देशासाठी एकच नीट झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, म्हणून २०१४ आणि २०१५ साली पुन्हा सीईटी झाली. २०१६ साली न्यायालयाने नीट परत आणली. परीक्षा तोंडावर आली तरी कोणती धरायची हे मुलांना कळेना. शेवटी वटहुकूम निघाला आणि सरकारी जागांना त्या एका वर्षापुरती सूट मिळाली. २०१७ पासून मात्र नीटच आहे. ती मराठीतूनही देता येते. मराठी निवडली की प्रश्नपत्रिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतात.

आता गणित बघू. १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलं तर एक कापला जातो, सोडून दिलं तर काहीच नाही. समजा मुलीची १०० उत्तरं बरोबर आली आणि ६० चुकली. तिचे ४०० मधून ६० गेले, उरले ३४०. त्या ६० मधली २० उत्तरं सरावाने सुधारली, तर १२० बरोबर आणि ४० चूक, म्हणजे ४४० गुण. वीस प्रश्नांत शंभर गुण वाढले, कारण चूक सुधारली की चार नाही, पाच गुणांचा फरक पडतो. म्हणून चुकांची एक वेगळी वही हवी. लातूरने बारावीसाठी जे केलं, ते नीटलाही तसंच लागू आहे.

निम्मे गुण, म्हणजे ३६०, एकट्या जीवशास्त्राचे आहेत. त्यासाठी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं ओळ न् ओळ वाचावी लागतात. ही पुस्तकं आणि जुन्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळांवर फुकट मिळतात. गटातल्या एका मोबाईलवर उतरवून घेतल्या की चार मुलींचं काम होतं.

नीट दुपारी दोन वाजता सुरू होते. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत मुलीने त्याच वेळी घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायला हवा. पण आपल्याकडे दुपारी दोनला मुलगी घरात दिसली की भांडी तिची, धाकटं भावंड तिचं आणि पाहुण्यांचा चहाही तिचाच. आधीच्या पिढ्यांतल्या मुलींसाठी कॉलेजचा दरवाजा बंद होता. आज तो उघडा आहे, पण घरातले हे तीन तास मिळत नाहीत. ते द्यायला कर्ज काढावं लागत नाही. शेजारणींनी पाळी लावून कामं वाटून घेतली तरी होतं.

एका वर्षाच्या प्रश्नाचं उत्तरही नियमांत आहे. नीटला वयाची वरची मर्यादा २०२२ पासून राहिलेली नाही. याच गुणांवर दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे प्रवेशही होतात. २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या योजना आहेत. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवा, म्हणजे ऐन वेळी तहसीलला खेटे पडणार नाहीत.

मैत्रिणींनो, नव्या वर्षासाठी कर्ज मागायच्या आधी मुलीच्या मागच्या वर्षाचा हिशेब मांडा. किती बरोबर, किती चुकलं, रोज सलग किती तास मिळाले? चुका सुधारण्यासारख्या असतील तर मुलाला देतो तसंच तिलाही वर्ष द्या. तिचं मन दुसरीकडे असेल तर तेही ऐका. पण हा निर्णय आकडे समोर ठेवून आणि तिला शेजारी बसवून घ्या. येत्या बैठकीत हा विषय कर्जाच्या विषयाआधी घ्यावा, एवढंच आमचं सांगणं.

रामराम!