उसन्या उजेडाचं घराणं

नेरूळमध्ये प्रवाळाची टाकी ठेवणाऱ्याला समुद्र शेजारी असून उपयोग नाही. पाम बीच रोडपलीकडची खाडी गाळाची. पावसाळ्यात तिचं पाणी गोडसर होतं, उन्हाळ्यात खारट, आणि सांडपाणी बारमाही. म्हणून मोरबे धरणाचं नळाला येणारं पाणी आरओतून काढायचं, त्यात विकतचं मीठ विरघळवायचं आणि समुद्र घरातच तयार करायचा. पाण्याचं असं भागतं. उन्हाचं भागत नाही. खिडकीतून येणारं ऊन काचेवर शेवाळ माजवतं आणि मे महिन्यात टाकी तापवतं. दिव्याला पर्याय नाही, आणि या दिव्याचं कूळ शोधू लागलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: प्रवाळावरचा दिवा जवळजवळ दरवेळी दुसऱ्याच कुठल्या तरी धंद्यातून उचलून आणलेला आहे.

प्रवाळ हा प्राणी, पण त्याच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं आणि उष्णदेशीय प्रवाळाचं बरंचसं पोट त्या शैवालाने बनवलेल्या साखरेवर चालतं. या शैवालाची भूक निळ्या उजेडाची. विजयदुर्गाच्या समोर, किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणारी आंग्रिया बँक आहे; तिचा माथा पाण्याखाली साधारण वीस मीटरवर. तिथवर पोचेपर्यंत उन्हातला तांबडा रंग पाण्याने गिळलेला असतो, निळा तेवढा शाबूत उरतो. शैवालातली रंगद्रव्यं 400 ते 500 नॅनोमीटरच्या पट्ट्यात चांगली काम करतात ती उगाच नव्हे. घरातल्या टाकीवर हाच पट्टा उतरवायचा, एवढाच सगळा खटाटोप.

1980 च्या दशकात जर्मनीतल्या हौशी लोकांनी त्यासाठी मेटल हॅलाइड दिवा वापरला. हा दिवा मुळात कारखान्यांचा, मैदानांचा. 2008 साली पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला, तेव्हाही जगभरच्या क्रीडांगणांवर मेटल हॅलाइडचंच राज्य होतं. 250 किंवा 400 वॅटचा तो दिवा टाकीवर टांगला की पाण्यात उन्हासारखी लखलख लहर उठते, ती पाहिलेले लोक अजून हळहळतात. पण पाणी इतकं तापतं की आपल्या हवेत चिलर लावावाच लागतो, म्हणजे विजेचं बिल दुप्पट. शिवाय निळा रंग कमी पडायचा, तो भरून काढायला फिलिप्सची ‘अ‍ॅक्टिनिक 03’ नळी जोडीला यायची. 420 नॅनोमीटरच्या आसपास चमकणाऱ्या या नळीचं मूळ काम नकाशांच्या प्रती काढायचं. जुन्या आर्किटेक्टच्या कार्यालयात ‘अमोनिया प्रिंट’ निघायच्या, त्या कागदाला असाच उजेड लागायचा.

मग जपानची पाळी आली. तांबडा एलईडी 1962 मध्ये निक होलोनियाकने करून दाखवला होता, पण निळा तीस वर्षं कुणाला धड जमत नव्हता. गॅलियम नायट्राइडचा निर्दोष स्फटिक वाढवणंच अवघड. नागोयात इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी 1986 मध्ये तो नीट वाढवला. 1993 मध्ये निचिया कंपनीतल्या शुजी नाकामुराने झगझगीत निळा एलईडी जगापुढे ठेवला. तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. उजाला योजनेतून घरोघरी गेलेल्या एलईडी बल्बांच्या पोटात हीच निळी चिप बसलेली आहे. म्हणजे घरातल्या पांढऱ्या बल्बातल्या चिपवरचा पिवळा लेप काढून टाकला की जे उरतं, ते प्रवाळाला हवं असतं. मला या सगळ्या वंशावळीत हाच दुवा सर्वांत देखणा वाटतो.

2006 च्या सुमारास अमेरिकेत पीएफओ लायटिंगने ‘सोलारिस’ नावाचा एलईडी दिवा खास प्रवाळांच्या टाकीसाठी बाजारात आणला. प्रचंड महाग. त्यातच 2007 मध्ये सागरी टाकीवरच्या एलईडी दिव्याचं अमेरिकी पेटंट ऑर्बिटेक या कंपनीला मिळालं. ही कंपनी नासासाठी अवकाशात रोपं वाढवण्याचे दिवे करत होती. अंतराळस्थानकावर 2014 साली पोचलेला ‘व्हेजी’ हा भाजीचा वाफा तिचाच. पेटंटच्या वादात सोलारिस मागे पडला आणि इतर कारखानदार बिचकले. पण क्री आणि लक्सिऑनच्या चिपा सुट्या मिळत होत्या, एलईडीला वीज पुरवणारे मीन वेलचे ड्रायव्हर मिळत होते. लोकांनी सोल्डरिंग आयर्न हातात घेतली. घरी दिवा बनवण्याची चाल अशी पेटंट आणि किंमत यांच्या कात्रीतून रुजली.

आपल्याकडे पेटंटचं भय नव्हतं, किमतीचं होतं. आयात दिव्याच्या पैशांत टाकी, स्टँड, पंप सगळं येऊन जायचं. त्यापेक्षा लॅमिंग्टन रोडवरून ड्रायव्हर, अ‍ॅल्युमिनियमच्या दुकानातून उष्णता बाहेर टाकणारा पात्यांचा जाड सेक्शन, आणि चांदणीच्या आकाराच्या पट्टीवर बसवलेले तीन-तीन वॅटचे ‘रॉयल ब्लू’ एलईडी. चांदणी आधी सेक्शनवर बसवली तर सोल्डर धरतच नाही, कारण सोल्डरिंग आयर्नची सगळी उष्णता अ‍ॅल्युमिनियम ओढून घेतं. म्हणून टोकांना आधी कथील लावून घ्यायचं, मग थर्मल पेस्टचा पातळ थर देऊन स्क्रू आवळायचे, आणि मल्टिमीटर लावून एकेक टोक सेक्शनला शॉर्ट नाही ना हे तपासायचं. बारा एलईडी ओळीने जोडले तर साधारण 40 व्होल्ट लागतात. ड्रायव्हर मात्र व्होल्टेज नव्हे, प्रवाह स्थिर ठेवणारा हवा, समजा 700 मिलिअँपिअर. एलईडी तापला की कमी व्होल्टेजवरही जास्त प्रवाह ओढतो, त्याने आणखी तापतो, आणि लगाम नसेल तर जळून जातो. वर खाऱ्या तुषारांचा आणि जुलैच्या दमट हवेचा मारा. उघड्या जोडावर हिरवा थर चढतो, तेव्हा लॅकर फासल्याशिवाय दिवा टांगूच नये.

यापुढचा धोका डोळ्याचा आहे. 450 नॅनोमीटरच्या उजेडाला आपला डोळा हिरव्याच्या मानाने जेमतेम चार टक्के दाद देतो. खोलीत मंद निळी संध्याकाळ वाटते, पण टाकीत कडक ऊन पडलेलं असतं. दिवा फिका वाटला म्हणून वाढवला की प्रवाळ शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. नवा दिवा चतुर्थांश ताकदीवर सुरू करून आठवड्यांच्या हिशेबाने चढवायचा, यात घाई चालत नाही.

आणि हा दिवा कुणावर लावायचा, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. 2001 पासून खडक बांधणारी प्रवाळं, काळं प्रवाळ, समुद्रपंखे ही सगळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या सागरी अभयारण्यातून चिमूटभर तुकडाही उचलणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते पापच ठरलं असतं. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर उठून यावं.

या घराण्यात भर पडणं थांबलेलं नाही. अलीकडे घरी दिवे करणारे निळ्याच्या जोडीला 405 ते 420 नॅनोमीटरच्या जांभळ्या चिपा बसवतात. त्याखाली प्रवाळातली हिरवी आणि नारिंगी प्रथिनं अधिक झळाळतात. 405 च्या चिपा मुळात रेझिन आणि छपाईची शाई झटपट कडक करण्याच्या यंत्रांसाठी घडवल्या गेल्या. त्या किती बसवाव्यात यावर सध्या कडाक्याचे वाद चालतात. वेगळ्या ड्रायव्हरवर त्यांची ओळ ठेवून त्या स्वतंत्र मंद करता याव्यात, या मताचा मी आहे.