विज्ञानाचे दार आणि आतली वाट



दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "मुलगी हुशार आहे खरी, पण सायन्सला घालून पुढे काय करायचे?" कॉलेज लांब असते, प्रॅक्टिकल संपेपर्यंत संध्याकाळ होते, खर्चही जास्त येतो. ह्या अडचणी खऱ्या आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. परंतु अशाच अडचणी पूर्वी कोणी व कशा दूर केल्या, हे पाहिले तर आपणांस पुष्कळ शिकता येईल.

१९३३ सालची हकीकत पाहा. मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा रसायनशास्त्र घेऊन उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. अर्ज नामंजूर झाला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती. कमलाबाई स्वतः बंगलोरला गेल्या आणि त्यांनी आपला आग्रह सोडला नाही. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष कसोटीचे राहील, काम समाधानकारक ठरले तरच त्याला मान्यता मिळेल, आणि पुरुष संशोधकांच्या कामात त्यांच्यामुळे व्यत्यय येता कामा नये! वर्षभरात रामन यांची खात्री पटली आणि त्यानंतर इतर मुलींनाही त्या संस्थेत प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी पुढे केंब्रिजला जाऊन वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनक्रियेतील महत्त्वाचे द्रव्य असते हे दाखविले व १९३९ मध्ये पीएच. डी. मिळविली. कमला सोहोनी ह्या नावाने त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत अनेक वर्षे शिकवीत होत्या.

त्यांच्या जिद्दीचे कौतुक सर्वच करतात, ते योग्यच आहे. परंतु दुसरीही एक बाजू लक्षात घ्या. कमलाबाईंचे वडील आणि काका हे दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. संस्थेत श्रीनिवासय्या यांच्यासारखे कडक पण मनापासून शिकविणारे मार्गदर्शक त्यांना लाभले. जिद्दीच्या पाठीशी घर होते आणि गुरू होते.

दार उघडले म्हणजे सर्व झाले, असेही नाही. १९४० मध्ये अ‍ॅना मणी ह्या शिष्यवृत्ती मिळवून त्याच संस्थेत रामन यांच्याकडे संशोधन करू लागल्या. हिरे आणि माणके यांच्या प्रकाशगुणांवर त्यांनी पाच शोधनिबंध लिहिले. परंतु एम. एस्सी. नाही, एवढ्या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. दिली नाही. तरीही त्या खचल्या नाहीत. सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाऊन त्यांनी हवामानाच्या उपकरणांचा अभ्यास केला आणि १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. १९७६ मध्ये त्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या.

आता आपल्याकडे वळू. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी रसायनशास्त्रज्ञ वडील नाहीत, काका नाहीत. मग त्यांची जागा कोणी घ्यायची? इतिहासाचे उत्तर स्पष्ट आहे : समाजाने आणि संस्थांनी.

जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी निधी उभारला. त्याच्या पहिल्या लाभार्थी दोन स्त्री-डॉक्टर होत्या, फ्रेनी कामा आणि आपल्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. त्याच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू करविले. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाल्याखेरीज शाळेचे दार उघडे असून उपयोग नाही, हे महाराजांनी ओळखले होते.

त्याच १९०६ साली अलीगढला शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी मुलींची शाळा काढली. विरोध पुष्कळ झाला. १९१४ मध्ये वसतिगृह सुरू झाले, तेव्हा बेगमसाहेबांनी त्या मुलींची काळजी आईच्या मायेने घेतली, म्हणून दूरदूरच्या पालकांचा विश्वास बसला. ह्याच दांपत्याची कन्या रशीद जहाँ दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाली. मुलींसाठीच काढलेले ते कॉलेज नसते, तर किती पालकांनी मुलीला वैद्यक शिकू दिले असते?

पालकहो, इल्म हासिल करणे हे आपल्याकडे स्त्री-पुरुष दोघांचेही कर्तव्य मानले जाते. मुलीने सायन्स मागितले तर "नाही" म्हणण्यापूर्वी अडचण नेमकी कोणती, ते शिक्षकांशी बोला. बसभाड्याची असेल, पुस्तकांची असेल, राहण्याची असेल, तर ती दूर करता येते. आपल्या संस्थेनेही प्रयोगशाळेची चार उपकरणे घेताना, बाहेरगावच्या मुलींच्या राहण्याची सोय कशी होईल, ह्याचा विचार त्याच बैठकीत करावा. आणि विद्यार्थिनींनो, तुम्ही आग्रह धरा. कमलाबाईंनी धरलेल्या आग्रहाचा फायदा त्यांच्या मागून आलेल्या मुलींना झाला, तुमच्या आग्रहाचा फायदा तुमच्या धाकट्या बहिणींना होईल.